मदत हवी आहे: व्हिम एडिटरमध्ये मराठी फाँट अन् रंग नीट बसेना गेलेत

नमस्कार मंडळी, लातूरहून लिहायलेय. आजी जात्यावरच्या ओव्या सांगती अन् मी टाईप करून ठेवायलेय, आमच्या घरातल्या ह्या ओव्या कुठंच लिहिलेल्या नाहीत म्हणून जेवढ्या निघतील तेवढ्या उतरून घ्यायच्यात. लॅपटॉप जुना, त्यावर हलकं लिनक्स टाकलंय अन् हाताला सवय व्हिमची, त्यामुळं सगळं टर्मिनलमध्येच (आज्ञा टाईप करायच्या साध्या खिडकीत). फायली लाटेकच्या (छपाईसाठी मजकूर मांडायची पद्धत) आहेत, पुढं पुस्तिका छापायचीय.

अडचण एक, रंगाची. स्क्रीन काळी अन् टक्क्याचं चिन्ह टाकून लिहिलेल्या टिपा (ओवी कोणत्या सणाची, आजी कुणाकडून शिकली) गडद निळ्या येतात, दुपारी पत्र्याच्या खोलीत उजेड असला की अजिबात दिसना गेल्यात. अन् त्या टिपाच मला जास्त महत्त्वाच्या आहेत.

दुसरी अडचण जास्त मोठी. "विठ्ठल" टाईप केलं की पहिली वेलांटी व च्या डावीकडं यायची ती उजवीकडं पडती, ठ्ठ चं जोडाक्षर सुटून मधी हलंत दिसतो. ओव्यांत विठ्ठल तर पावलोपावली! व्हिमआरसीत (व्हिमच्या सेटिंगच्या फायलीत) फाँट ठरवणारी गुईफाँटची ओळ टाकून नोटो सान्स देवनागरी दिला, काहीच फरक नाही. फाईल मोबाईलवर उघडली तर अक्षरं एकदम बरोबर. कुणाला जमलंय का हे? लवकर सांगा, आजी बोलायच्या मूडमध्ये आहे तोवर काम उरकायचंय.

बालाघाटवासी:
ताई, रंगाचं सोपं आहे. व्हिमला वाटायलंय की पार्श्वभूमी पांढरी आहे म्हणून तो पांढऱ्यावर शोभणारा गडद निळा देतो. व्हिमआरसीत "सेट बॅकग्राउंड=डार्क" टाका, टिपा फिकट आकाशी होतील. बॅकग्राउंडची ओळ पार्श्वभूमी बदलत नाही बरं का, फक्त व्हिमला सांगती की ती कशी आहे, ह्यात लई जण फसतात. खरी पार्श्वभूमी टर्मिनलच्या प्रोफाईलमध्ये बदलते. दुपारच्या उजेडाला सोलराइज्ड लाइट लावून बघा, 2011 ची 16 रंगांची स्कीम आहे, लाइट अन् डार्क दोन्हीत ठळक रंग तेच राहतात, त्यामुळं रात्री बदलली तरी डोळ्याला नवीन वाटत नाही.

गोदाकाठ:
फाँटचं मी सांगतो. गुईफाँट फक्त जीव्हिमला, म्हणजे व्हिमच्या वेगळ्या खिडकीतल्या रूपाला, लागू पडतो, टर्मिनलमध्ये फाँट टर्मिनलचाच असतो. पण फाँट बदलून बी विठ्ठल सुधारायचा नाही. टर्मिनल म्हणजे चौकटीच्या वहीसारखं, एका घरात एक अक्षर. आपल्या लिपीत वेलांटी साठवली जाते व च्या नंतर अन् दाखवायची असते आधी, ही अदलाबदल अन् जोडाक्षर जुळवणं याला शेपिंग म्हणतात, ते बऱ्याच टर्मिनलांत नीट होत नाही. तुमची फाईल ठणठणीत आहे, काही पुसू नका, फक्त दाखवण्यात गोंधळ आहे.

केट नावाचा एडिटर घ्या. त्यात शेपिंग बरोबर होतं अन् व्ही आय इनपुट मोड बी आहे, सेटिंगमध्ये एडिटिंगखाली सापडेल, म्हणजे व्हिमची सवय मोडायची गरज नाही. सोलराइज्ड अन् ग्रुव्हबॉक्स ह्या रंगांच्या थीम आतच येतात. मशीनवर मराठी चालणारे फाँट कोणते आहेत ते बघायला टर्मिनलमध्ये "एफसी-लिस्ट :लँग=एमआर" द्या.

धागाकर्ती:
दोघांचे लई आभार! टिपा आता स्वच्छ दिसायल्यात. केट बी टाकलं, विठ्ठल नीट उमटला अन् आजीला स्क्रीन दाखवली तर तिनं बोट ठेवून अक्षर न् अक्षर वाचलं. एकच राहिलंय, लाटेकच्या इंग्रजी आज्ञा मोठ्या दिसतात अन् मराठी बारीक. मराठीचा साईज तेवढा वेगळा वाढवता येतो का?

गोदाकाठ:
केटमध्ये तसं वेगळं देता येत नाही, सगळाच साईज वाढवावा लागतो. ईमॅक्स नावाच्या एडिटरच्या खिडकीत मात्र जमतं. 27 किंवा पुढची आवृत्ती हार्फबझसह (शेपिंग करणारा भाग) बांधलेली घ्या म्हणजे शेपिंग बरोबर होतं. "सेट-फाँटसेट-फाँट" ने देवनागरीला वेगळा फाँट द्या अन् "फेस-फाँट-रीस्केल-अलिस्ट" मध्ये त्या फाँटसमोर 1.2 (म्हणजे 1.2 पट मोठा) लिहा. व्हिमच्या कळांसाठी ईव्हिल नावाचं पॅकेज आहे. फक्त "एनडब्ल्यू" हा पर्याय लावून टर्मिनलमध्ये उघडू नका, नाहीतर घरांचा प्रॉब्लेम परत येईल.