'कांगारू' म्हणजे 'मला कळत नाही'?

प्रश्न : प्रश्नमंजूषांमध्ये हा अर्थ हमखास सांगतात. त्याला आधार आहे का? मूळ उच्चार देवनागरीत कसा लिहावा?

उत्तर : आधार नाही. शब्द गूगू यिमिथिर भाषेतला, ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंडमधल्या आजच्या कुकटाउन परिसरातला. १७७० साली इंग्रज दर्यावर्दी जेम्स कुकचं 'एंडेव्हर' जहाज खडकावर आपटून तिथल्या नदीत दुरुस्तीला थांबलं होतं. तेव्हा कुक आणि त्याच्यासोबतचा निसर्गशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स या दोघांनीही तो टिपला.

घोळ पुढे झाला. १८२० मध्ये फिलिप पार्कर किंग हा नौदल अधिकारी त्याच नदीवर गेला, तर त्याला त्याच प्राण्यासाठी 'मिना'सारखा काहीतरी वेगळाच शब्द मिळाला. मग कुकचा शब्दच खोटा ठरवला गेला. वास्तविक दोन्ही नोंदी बरोबर आहेत. 'मिना' म्हणजे मांस, खाण्याजोगा कोणताही प्राणी. हा वर्गवाचक शब्द विशिष्ट नावाच्या आधी लावतात. 'गङुरु', म्हणजे कुकने टिपलेला मूळ शब्द, हे मात्र मोठ्या कांगारूच्या एका ठरावीक जातीचं नाव. १९७० च्या दशकात भाषाशास्त्रज्ञ जॉन हॅविलंड यांनी या भाषेचा अभ्यास केला, तेव्हा तो शब्द बोलण्यात होताच.

उच्चाराबद्दल : मधला ङ सुटा आहे, त्याच्यानंतर ग नाही. 'गंगुरु' लिहिलं की आपण ङ्ग वाचतो, म्हणून इथे ङ हे अक्षरच हवं. पहिल्या अक्षरासाठी क की ग, हा वाद व्यर्थ आहे. त्या भाषेत या दोन ध्वनींनी अर्थ बदलत नाही. रोमनमध्ये (gangurru) दोनदा लिहिलेला आर म्हणजे जवळजवळ आपला र. एकदा लिहिलेला आर निराळा, जीभ मागे वळवून म्हणायचा.

पुरवणी : हा शब्द 'ऑस्ट्रेलियन आदिवासी भाषेतला' असं मोघम लिहू नये. अशी एक भाषा नाहीच; तिथे शेकडो होत्या. १७८८ मध्ये सिडनीला उतरलेले इंग्रज कुकचा शब्द तिथल्या लोकांपुढे वापरू लागले. त्या लोकांना तो ठाऊकच नव्हता, कारण कुकटाउन तिथून सुमारे २००० किलोमीटर दूर. त्यांचा स्वतःचा शब्द 'पटगरंग'. त्या इंग्रजांपैकी अधिकारी वॉटकिन टेंचने लिहून ठेवलंय, की जहाजातून आणलेल्या गायी पाहून कोलबी नावाच्या तिथल्या माणसाने विचारलं, 'हे कांगारू का?' परक्यांचा हा शब्द कोणत्या जनावराला लावायचा, हे त्याला कळणार तरी कसं?

शब्दसंग्रह करताना म्हणूनच नुसतं बोट दाखवून विचारू नये. शेजारच्या दुसऱ्या जातीचं नाव, मग मादीचं, पिल्लाचं आणि शेवटी मांसाचं विचारावं. सगळीकडे एकच उत्तर आलं, तर हाती वर्गवाचक शब्द लागला असण्याची शक्यता जास्त.

प्रश्नकर्ता : मग मराठीत 'गङुरु' लिहायचं का?

उत्तर : नको. मराठीत 'कांगारू' रुळलाय, क्रिकेटच्या बातम्यांपर्यंत. 'गङुरु' फक्त व्युत्पत्तीच्या नोंदीत, भाषेच्या नावासह द्यावा.