आईचा अमृतमहोत्सव फ्लॉरेन्समध्ये करायचा आहे, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझ्या आईला नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पंचाहत्तर वर्षं पूर्ण होतायत. ती मूळची कोल्हापूरची, तिथेच राहते, सध्या माझ्याकडे म्युनिकला आली आहे. भावाच्या मनात कोल्हापुरात हॉल घेऊन मोठा कार्यक्रम करायचा होता, पण आईने स्पष्ट नको म्हणून सांगितलं. मग तुला काय हवंय ते तरी सांग म्हटल्यावर म्हणाली, "फ्लॉरेन्सला महाराजांची छत्री आहे. तेवढी दाखव."

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. राजर्षी शाहूंच्या आधी कोल्हापूरच्या गादीवर छत्रपती राजाराम महाराज होते. १८७० मध्ये ते इंग्लंडला गेले, परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्समध्ये आजारी पडले आणि ३० नोव्हेंबरला तिथेच वारले. वय अवघं वीस. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होतं. दहन करायची तिथे पद्धत नव्हती, म्हणून खास परवानगी काढावी लागली आणि आर्नो व मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर अग्नी देण्यात आला. त्या जागी १८७४ मध्ये छत्री उभारली, आत महाराजांचा अर्धपुतळा आहे. छत्रीचा आराखडा चार्ल्स मँटचा, म्हणजे पुढे ज्याने आपल्या नव्या राजवाड्याचा आराखडा केला त्याचाच. आई राजाराम कॉलेजची विद्यार्थिनी. ज्यांच्या नावाच्या कॉलेजात शिकलो ते इतक्या लांब, इतक्या लहान वयात गेले, ही गोष्ट तिला तिच्या सरांनी वर्गात सांगितली होती आणि ती तिच्या मनात तेव्हापासून आहे. एवढ्या वर्षांत तिने आमच्याकडे स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही. त्यामुळे हे नीट व्हावं असं फार वाटतंय.

आम्ही चौघं असू: आई, मी, नवरा आणि मुलगा. दोन-तीन रात्रींचाच मुक्काम जमेल.

मुख्य काळजी आईच्या गुडघ्यांची. सपाट रस्त्यावर सावकाश चालते, पण अर्ध्या-पाऊण तासाने बसावं लागतं. जिने जमत नाहीत. नकाशात छत्री काशीने बागेच्या पार पश्चिम टोकाला दिसतेय आणि ट्रामचा काशीने थांबा दुसऱ्या टोकाला. मधलं अंतर तिला झेपणार नाही. तिथपर्यंत टॅक्सी जाते का? परत येताना काय करायचं?

दुसरं, खाणं. ती शाकाहारी आहे, अंडंही चालत नाही.

आणि तिसरा प्रश्न जरा घरगुती आहे. आत्याचं म्हणणं, वाढदिवसाला जिथे अग्नी दिला तिथे जाऊ नये, औक्षण करून कुठल्यातरी देवळात जा. आत्या आईपेक्षा मोठी, तिला दुखवायचं नाही. आई म्हणते मला काही वाटत नाही, पण आत्याचा फोन आल्यापासून ती जरा गप्प आहे. तुमच्याकडे असा प्रसंग आला असता तर काय केलं असतं?

कॅथीड्रल, डेव्हिड वगैरे बघायला आवडेलच, पण किती बघायचं आणि काय सोडायचं हेही सांगा.

आर्नोकाठ

शिकायला फ्लॉरेन्समध्ये होतो, त्यामुळे सविस्तर लिहितो.

छत्रीपर्यंत टॅक्सीनेच जा. चालकाला 'पियात्साले देल्लिंदियानो' सांगा, जवळचा मोठा पूलही महाराजांमुळेच 'इंदियानो' नावाने ओळखला जातो. तिथे परतीची टॅक्सी उभी मिळणार नाही. फ्लॉरेन्समध्ये रस्त्यात हात दाखवून टॅक्सी थांबवायची रीत नाही, ती स्टँडवरून घ्यायची किंवा फोन करून बोलवायची. म्हणून नेणाऱ्या चालकालाच थांबायला सांगा, मीटर चालू राहिला तरी चालेल. हा खर्च वाचवू नका.

सकाळी जा. नोव्हेंबरअखेर साडेचारनंतर अंधारायला लागतं आणि बागेचं ते टोक संध्याकाळी अगदी निर्मनुष्य असतं. नदीकाठी गारठा असतो आणि पाऊस कधीही येतो, आईंना कानटोपी आणि घट्ट तळव्याचे बूट हवेतच.

बाकी शहराबद्दल: जुना भाग सपाट आहे, पण दगडी फरशीचे रस्ते गुडघ्यांना त्रास देतात. हॉटेल कॅथीड्रलच्या जवळ घ्या आणि लिफ्ट आहे का ते आधी विचारून घ्या, कारण तिथली बरीच छोटी हॉटेलं जुन्या वाड्यांच्या वरच्या मजल्यावर आहेत. कॅथीड्रलच्या, ब्रुनेलेस्कीने बांधलेल्या घुमटाला ४६३ पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही, तो विषय सोडा. घुमट बाहेरूनच पोटभर पाहता येतो.

मायकेलअँजेलोच्या डेव्हिडसाठी अकादेमिया संग्रहालयाचं वेळेचं तिकीट आधी काढा. पाच मीटरहून उंच मूर्ती आहे, छायाचित्रात तिची कल्पना येत नाही. सोमवारी अकादेमिया आणि उफीत्सी हे मोठं चित्रसंग्रहालय, दोन्ही बंद. उफीत्सी मात्र मी या खेपेला सोडेन. तिथे लिफ्ट आहे, पण दालनं संपता संपत नाहीत.

त्याऐवजी कॅथीड्रलच्या मागचं त्याचं संग्रहालय बघा. शिल्पकार गिबेर्तीचे मूळ सोनेरी दरवाजे तिथे आहेत, गर्दी कमी, लिफ्ट आहे. आणि तिथे मायकेलअँजेलोचं एक शिल्प आहे, ख्रिस्ताचा देह उतरवून घेतानाचं. ते त्याने सत्तरी ओलांडल्यावर स्वतःच्या थडग्यासाठी करायला घेतलं आणि अपुरं ठेवलं. मागे उभ्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्यात त्याने स्वतःला कोरलंय. पंचविशी-तिशीत डेव्हिड करणारा माणूस म्हातारपणी काय करत होता, हे पंचाहत्तरीतल्या माणसाला माझ्यापेक्षा जास्त कळेल. आईंना तिथे घाई न करता बसू द्या.

करवीरकर

वाचून लई भारी वाटलं. आत्याबाईंना एकच विचारा: आपण रायगडावर जातो तेव्हा वाढदिवस आहे की नाही हे बघतो का? तिथेही महाराजांची समाधीच आहे. उलट चांगल्या दिवशी मुद्दाम दर्शनाला जातो. ही छत्रीसुद्धा त्याच घराण्यातल्या माणसाची आहे आणि तिथे आपल्याकडचं माणूस क्वचितच पोचतं.

तरीही वडीलधाऱ्या माणसाचं मन राखायचं असेल तर दिवस वेगळे करा. वाढदिवसाला औक्षण आणि शहर, छत्रीला दुसऱ्या दिवशी. ३० तारीख तुमच्या मुक्कामात बसत असेल तर त्याच दिवशी जा. मग ते पुण्यस्मरण होतं, त्याला आत्याबाईही नाही म्हणणार नाहीत. सोबत फुलं न्या. जमलं तर अंबाबाईचं कुंकू पुडीतून न्या, पण पुतळ्याला लावू नका, पायरीशी ठेवा. जुनं शिल्प आहे.

आणि पोन्ते वेक्कियोवर आईंना जरूर न्या. १५९३ पासून त्या पुलावर सोनारांचीच दुकानं आहेत. आपल्या गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात वाढलेल्या डोळ्यांना तिथे बघण्यासारखं खूप सापडेल, काही घेतलं नाही तरी.

मेथीची जुडी

खाण्याचं सांगते, मी स्वतः अंडं खात नाही. ताजा पास्ता बहुधा अंड्याचा असतो. सुका पास्ता, म्हणजे स्पॅगेटी, पेन्ने, साधारणपणे नुसत्या गव्हाच्या रव्याचा असतो, तरी विचारा. "सेन्त्सा उओवा", म्हणजे अंड्याशिवाय, आणि "सेन्त्सा कार्ने", म्हणजे मांसाशिवाय, हे दोन शब्द चिठ्ठीवर लिहून ठेवा. पार्मेजान चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने बनतं, आईंना चालत नसेल तर तेही नको म्हणून सांगा.

थंडीत तिथे 'रिबोल्लिता' मिळतं: शिळा पाव, पांढरे घेवडे आणि काळसर पालेभाजी घालून शिजवलेलं दाट सूप. पोटाला छान. फक्त मांसाच्या पाण्यात केलेलं नाही ना, ते विचारायचं. 'पप्पा अल पोमोदोरो' म्हणजे टोमॅटोत शिजवलेला पाव, तेही आवडेल. तिथल्या पावात मीठ नसतं, तेव्हा शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट बॅगेत असू द्या.

औक्षण हॉटेलच्या खोलीत करू नका, धुराचा अलार्म वाजतो. पंचाहत्तर दिवे ओवाळायचे असतील तर निघायच्या आधी म्युनिकला घरीच करा. कणकेचे दिवे, पुरणपोळी, सगळं नीट होईल, आणि आत्यांना व्हिडिओ कॉलवर घेता येईल.

बव्हेरियातला

विमानाने जाणार असाल तर थेट आहे, पण फ्लॉरेन्सच्या विमानतळाची धावपट्टी आखूड. वारा असला की विमान पिसा किंवा बोलोन्याला उतरवतात, मग बसने यावं लागतं. आई बरोबर असताना मी रेल्वे निवडेन. ब्रेन्नर खिंडीतून बोलोन्यापर्यंत, पुढे वेगवान गाडीने चाळीस मिनिटांच्या आत. दिवस जातो, पण आल्प्स खिडकीतून दिसतो आणि पाय मोकळे करता येतात. जर्मनीचा शेंगेन व्हिसा इटलीत चालतो, मात्र पासपोर्ट हाताशी असू द्या, सीमेजवळ तपासणी होते.

प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. करवीरकर, तुमचं रायगडाचं आत्याला जसंच्या तसं वाचून दाखवलं. ती थोडा वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "३० तारखेलाच जा, आणि माझ्या नावाचंही एक फूल वाहा." आईने ते शेजारी बसून ऐकलं आणि लगेच बूट घ्यायला कधी जायचं ते विचारलं.

तर आता असं ठरतंय: औक्षण घरी, मग रेल्वेने फ्लॉरेन्स, अकादेमिया आणि कॅथीड्रलचं संग्रहालय वेगवेगळ्या दिवशी, ३० ला सकाळी छत्री. उफीत्सी सोडलं.

आर्नोकाठ, एक राहिलं. छत्रीपाशी बसायला बाक आहेत का, की घडीची खुर्ची बरोबर न्यावी? आईला तिथे निवांत बसायचं आहे. आणि फुलं स्टेशनजवळ सकाळी किती वाजल्यापासून मिळतात?