उत्तर: पुण्याची गाडी कशाला धरायची?

"चांगलं नाटक बघायचं तर पुणं गाठावं लागतं," असं आमच्या मराठवाड्यातल्या नाटकांच्या चर्चेत एकानं म्हटलंय, त्याला हे उत्तर. व्यावसायिक नाटकांपुरतं अर्धं मान्य. पण हौशी कलाकारांसाठी राज्य सरकार घेतं त्या राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी नांदेडला, परभणीलाही होते. तिकीट अगदी नाममात्र, हे त्या चर्चेत कुणीच लिहिलं नाही.

मी असाच एका स्पर्धेच्या नाटकाला गेलो होतो. प्रेक्षक जेमतेम चाळीस, त्यातले निम्मे कलाकारांचेच सोयरे. पंख्यांच्या खडखडाटात संवाद ऐकू येईनात, म्हणून मागून कुणीतरी ओरडलं, "पंखे बंद करा की राव!" केले. मग घामाघूम होऊन बघितलं. पण म्हातारीचं काम करणाऱ्या पोरीचा हुंदकासुद्धा शेवटच्या रांगेत ऐकू आला. माईक नव्हताच. (चहा मात्र भिकार.)