जर्मनीला चाललो, पीएफचं काय?

वाळूजकर: कंपनी दोन वर्षांसाठी स्टुटगार्टच्या प्लांटला पाठवतीय. पगार इथूनच. तिथं पेन्शनची कपात झाली तर इथला पीएफ बंद पडंल का? आईला पैठणात तेवढाच घोर.

जालन्याचा भाऊ: नाही पडत. एचआरला सांगून ईपीएफओकडून, म्हणजे पीएफच्या ऑफिसातून, ‘सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज’ (तुझा पीएफ इथं चालू आहे याचा दाखला) काढ, अन् निघायच्या आधी! जर्मनीशी भारताचा सामाजिक सुरक्षेचा करार मे २०१७ पासून लागू आहे. ४८ महिन्यांपर्यंत तिथली पेन्शन अन् बेरोजगारी विम्याची कपात माफ. आजारपणाचा विमा मात्र लागतोच.

वाळूजकर: अन् तिथल्याच कंपनीत लागलो तर?

नांदेडची ताई: मग तिथलंच कापणार, दादा. हे सर्टिफिकेट इथल्या कंपनीनं पाठवलेल्यांनाच. आमचे दीर दुबईला आहेत, तिथं तर असला करारच नाही.