सम्राटाचे तीन तोतये वाचकाला पटतील कसे?

महालकर (नागपूर):
मी एका कल्पित साम्राज्यावर कादंबरी लिहीत आहे. तिच्यातल्या सम्राटाने आपल्यासारखे दिसणारे तीन तोतये राजवाड्यात लपवून ठेवले आहेत. एक दरबारात बसतो, दुसरा फौजेबरोबर जातो आणि तिसरा केवळ आजारी पडण्यासाठी पोसलेला आहे. गेल्या रविवारी अंबाझरीच्या बागेत मित्रमंडळींसमोर पहिली चार प्रकरणे वाचली, तेव्हा एका काकूंनी चिवड्याचा डबा उघडता उघडता विचारले, "अहो, पण त्याच्या बायकोला कळत नाही का?" चर्चा तिथेच अडली. चेहरे जादूने बदलले असे दाखवावे, तर मग त्या साम्राज्यात कोणीच कोणावर विश्वास ठेवणार नाही आणि कथानकच कोसळेल. मार्ग सुचवावा.

जुनी बखर:
आधी 'तोतया' हा शब्द बदलावा, अशी विनंती. तोतया स्वतःच्या दाव्यावर उभा राहतो. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून प्रकटलेला आणि १७७६ मध्ये पुण्यात देहान्त शासन झालेला इसम हा तोतया. धन्याच्या कामासाठी त्याचा वेश घेणारा माणूस वेगळा.

जुलै १६६० मध्ये पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा असताना शिवा काशीद महाराजांच्या वेशात पालखीत बसले, ती पालखी पकडली गेली आणि खरा प्रकार उघडकीस येईपर्यंत महाराज विशाळगडाच्या वाटेवर बरेच पुढे निघून गेले होते. शिवा काशीदांना प्राण द्यावे लागले. हे सोंग टिकणार नाही, हे त्यात सामील असलेल्यांना ठाऊकच असणार. काही घटका मिळाल्या तरी पुष्कळ होते. तुम्ही मात्र तुमच्या तिघांकडून वर्षानुवर्षांची अपेक्षा करता, आणि अडचण चेहऱ्यांपेक्षा तिथे आहे.

१६६६ मध्ये आग्र्याला हिरोजी फर्जंदांनी तर तोंड दाखवलेच नाही. अंगावर पांघरूण घेऊन, कडे घातलेला हात तेवढा बाहेर ठेवून ते पलंगावर पडून राहिले आणि मदारी मेहतर पाय चेपत बसला, असे परंपरा सांगते. पहारेकऱ्याने हात पाहिला, पाय चेपणारा पाहिला आणि उरलेला राजा त्याने मनातल्या मनात पुरा केला. त्यामुळे मला तुमच्या तिघांपैकी तो आजारी पडणाराच सर्वांत खरा वाटतो.

बर्डीचा वाचक:
छायाचित्र नसलेल्या जगात प्रजेने राजा पाहिलेला असतो तो नाण्यावर, नाहीतर मिरवणुकीत शंभर पावलांवरून. छत्र, चवऱ्या आणि हत्ती खरे असले की खालचा माणूस कोणी तपासत नाही. आपल्याच नागपूरचे उलटे उदाहरण पाहा: इंग्रजांच्या कैदेतले आप्पासाहेब भोसले १८१८ मध्ये प्रयागकडे नेले जात असताना शिपायाच्या वेशात निसटले. राजचिन्हे उतरली की राजा दिसेनासा होतो. तेव्हा दरबाऱ्यांना निदान सिंहासनापासून दूर बसवा आणि पुढे जाळीचा पडदा सोडा.

वस्तरा:
माझ्या वडिलांचे इतवारीत केशकर्तनालय होते. गिऱ्हाइकांची नावे ते सर्रास विसरत, पण डोक्यावरचा भोवरा कधी विसरत नसत. एकदा जुळ्या भावांपैकी एकजण दुसऱ्याच्या उधारीचा हिशेब आपलाच म्हणून मिटवायला आला, तेव्हा मान खाली घालायला सांगून, भोवरा डावीकडे वळलेला पाहून वडील म्हणाले, "तुमच्या भावालाच पाठवा." राजवाड्यात असा न्हावी असतो, मुदपाकखान्यात मिठाचे प्रमाण जाणणारा आचारी असतो आणि काकू म्हणतात ती बायकोही असते. यांना फसवता येत नाही. कटात घ्यावे लागते आणि गप्प राहण्याची किंमत मोजावी लागते.

१९४४ मध्ये इंग्रजांनी जनरल मॉन्टगोमेरीच्या जागी क्लिफ्टन जेम्स हा नट जिब्राल्टरला धाडला, तेव्हा पहिल्या महायुद्धात गमावलेल्या त्याच्या बोटाच्या जागी नकली बोट बसवावे लागले. शिवाय जनरल दारू-तंबाखूला शिवत नसे आणि नट दोन्हींचा शौकीन! बोट बसवता येते. सवय सुटते का?

महालकर:
सर्वांचा आभारी आहे. सम्राज्ञीला कटाची सूत्रधार करतो आणि न्हाव्याला एक अख्खे प्रकरण देतो. 'तोतया' हा शब्द केवळ शत्रूच्या तोंडी राहील. शंका एकच उरते. खरा सम्राटच आजारी पडला, तर वैद्य कोणाच्या दालनात जाईल?

जुनी बखर:
दिवसाउजेडी तिसऱ्याच्याच, कारण साऱ्या राजवाड्याला तीच वाट सवयीची झालेली आहे. मात्र खऱ्याचा काढा कोणाच्या हातून जाणार, हे सम्राज्ञीला ठरवू द्या.