टर्मिनल म्हणतं ८.२, ब्राउझर म्हणतो ७.४! पीएचपी अपग्रेडसाठी मदत हवी आहे

मंडळी, पीएचपी (वेबसाइटसाठीची प्रोग्रामिंग भाषा) मधला एक जुना प्रोजेक्ट गळ्यात पडलाय, तिच्या ७.४ व्हर्जनवर चालतो. ७.४ चा सपोर्ट नोव्हेंबर २०२२ मध्येच संपला, म्हणजे अपग्रेडला पर्याय नाही हे कळतंय, पण त्याच मशीनवर दुसरा प्रोजेक्ट आहे आणि तो ८.२ शिवाय हलत नाही.

तर ८.२ टाकलं, टर्मिनलवर व्हर्जन बघितली, ८.२ आली, म्हटलं झालं काम. ब्राउझरमध्ये पीएचपी इन्फो (पीएचपीची व्हर्जन आणि सेटिंग दाखवणारं पान) उघडलं तर ७.४ च! रीस्टार्ट केलं, कॅशे उडवली, ढिम्म. अर्धा दिवस घालवल्यावर कळलं की टर्मिनलचं पीएचपी वेगळं आणि एनजिनएक्स (वेब सर्व्हर) ज्या एफपीएमशी (वेबसाइटसाठी पीएचपी चालवणारा प्रोग्रॅम) बोलतो ते वेगळं, एनजिनएक्सच्या कॉन्फिगमध्ये अजून ७.४ चाच सॉकेट, म्हणजे एफपीएमशी जोडणी, होता (टर्मिनल आणि एफपीएमच्या आयएनआय म्हणजे सेटिंगच्या फाइलीपण वेगळ्या, हे आधी कुणी का सांगत नाही). तोवर मी कंपोझर (पीएचपीची पॅकेजेस आणणारं टूल) अपडेट मारून बसलेलो, त्याने टर्मिनलचं ८.२ बघून नवी पॅकेजेस ओढली आणि जुनी साइट झोपली. लॉक फाइल (पॅकेजेसच्या नेमक्या व्हर्जनची यादी) गिटमध्ये (कोडचा इतिहास जपणारं टूल) होती म्हणून वाचलो.

असो. वेगळ्या ब्रँचवर जुना कोड ८.२ वर चालवून बघितला. क्रिएट फंक्शन वगैरे जुनी फंक्शन्स ८.० मध्ये काढूनच टाकलंय, ते फेटल एरर देऊन लगेच सापडलं, केलं दुरुस्त. डेप्रिकेटेडच्या ('हे पुढे बंद होणार') नोटिसांनी लॉग भरून वाहतोय, तेही एकवेळ चालेल.

भीती वेगळीच आहे. एका फॉर्मच्या ड्रॉपडाउनमध्ये काही निवडलं नाही की रिकामी स्ट्रिंग येते, कोडमध्ये तिची तुलना डबल इक्वलने (==, स्ट्रिंग की आकडा हा प्रकार न बघता) शून्याशी. ७.४ मध्ये अट खरी ठरायची आणि 'कृपया निवडा' यायचं, ८ पासून खोटी ठरते. एरर नाही, वॉर्निंग नाही, अर्धवट रेकॉर्ड गुपचूप सेव्ह. ग्रेप मारलं (सगळ्या कोडमध्ये शोधलं) तर अशा तुलना शेकड्याने निघाल्या, आणि सरसकट ट्रिपल इक्वल (===, प्रकारही जुळावा लागतो) करावं तर फॉर्ममधून आकडेसुद्धा स्ट्रिंग म्हणूनच येतात, म्हणजे चालू असलेलंही मोडायचं. टेस्ट? हसू नका, एकही नाही.

अशा जागा पीएचपीस्टॅन (कोड न चालवता चुका शोधणारं टूल) पकडतं का, की रेक्टर (कोड आपोआप बदलणारं टूल) बरं? थेट ८.२ वर उडी मारू की ८.०, ८.१ करत जाऊ? आणि दोन प्रोजेक्टसाठी दोन एफपीएम ठेवलेत तर पुरेसं आहे की सरळ डॉकर (प्रत्येक प्रोजेक्ट वेगळ्या डब्यात चालवणारं टूल) करू? डॉकर कधी वापरलेलं नाही, जरा सोपं करून सांगा.