हौस आहे, गच्ची मिळत नाही

‘शहरी माणसाला मातीत हात घालायला नको असतात’ असं कोणीतरी लिहिलंय, ते पटलं नाही. आमच्या सोसायटीत गच्चीवर भाजीपाला लावायला सात-आठ घरं तयार होती. अडलं ते सभेत: गळती होईल, स्लॅब खचेल! आणि ही भीती अगदीच पोकळ नाही. वावर असलेल्या सपाट गच्चीसाठी भारतीय मानकात चौरस मीटरला साधारण दीडशे किलो भार धरतात. फूटभर ओल्या मातीचा वाफा सहज पाचशेच्या घरात जातो.

पण माती हवीच कशाला? मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर तिथल्या केटरिंग अधिकारी प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावरच भाज्या-फळं पिकवून दाखवली. आम्हीही रसवंतीवाल्याकडची चिपाडं, पालापाचोळा आणि वर चार बोटं खत असं भरून क्रेट केले, तेही स्लॅबखालच्या तुळयांच्या (बीमच्या) रेषेवर, विटांवर उचलून ठेवले. (चिपाडांना पहिल्या आठवड्यात मुंग्या लागतात, आधी धुऊन घ्या.) पालक, मेथी, मिरची झकास आली, वांग्यांनी मात्र दगा दिला. पहिली मेथीची जुडी सेक्रेटरींच्या घरी पोचल्यावर पुढच्या सभेत गळतीचा विषय निघालाच नाही.